झाकलेला डबा

भोंडल्याची गाणी संपतात, हत्तीभोवतीचा फेर मोडतो आणि यजमानीण आतून झाकलेला डबा घेऊन येते. आता खिरापत ओळखायची. "तिखट की गोड?" इथून सुरुवात. मग मुली डबा हलवायला लावतात. खुळखुळला तर दाणे, फुटाणे, नाहीतर चिवडा. धपधप वाजला तर वडी. काहीच वाजलं नाही तर शिरा. माझी आई डब्यात चिवडा भरायची आणि वर रुमाल दाबून बसवायची. डबा मुका व्हायचा आणि सगळ्या पोरी गोडाची नावं घेत बसायच्या. खिरापत घासभरच असे. संध्याकाळ जाई ती ओळखण्यात.

या पुस्तकातला खेळ त्याच घरातला आहे. इथे डब्याच्या जागी माणूस आहे. एकानं स्वतःच्या आयुष्यातले तीन किस्से सांगायचे, दोन घडलेले आणि एक रचलेला. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि रचलेला कुठला ते ओळखायचं. कॉलेजच्या शिबिरात, ऑफिसच्या सहलीत हा खेळ ओळख करून देण्यापुरता उरकतात. प्रत्येकाची तीन वाक्यं, थोडा हशा, पुढचा. आम्ही तो मुलुंड पूर्वेच्या एका गच्चीवर सावकाश खेळलो, सात कोजागिऱ्या आणि मधले कितीतरी रविवार. त्यातले एक्केचाळीस किस्से इथे छापले आहेत. काही सांगणारे आमच्याच इमारतीतले, काही बोरिवली, घाटकोपर, अंधेरीहून आलेले पाहुणे. कोणता किस्सा खरा, कोणता रचलेला, याची यादी शेवटी दिलेली नाही. ती का नाही, ते पुढे येईलच.

हा खेळ उपनगरात रुजला याला कारण आहे, असं मला मनापासून वाटतं. चाळीत तो रंगलाच नसता. चाळीत साक्षीदार फार. कुणाच्या घरी कोण आलं, कोण रुसून गेलं, कुणाच्या मुलाला किती मार्क पडले, हे गॅलरीतून सगळ्यांना दिसत असे. तिथे कुणी "लहानपणी मी एकदा..." म्हणून सुरुवात केली, की शेजारचे आजोबा आतूनच दुरुस्ती करायचे. गिरगाव, दादर, लालबागमधून माणसं उपनगरात आली, दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहू लागली, तरी जिने आणि उघडी दारं काही वर्षं टिकली. मग पुनर्विकास आला. आमची तीन मजली इमारत पडली, आम्ही सगळे चार वर्षं भाड्यानं पांगलो. कुणी भांडुपला, कुणी ठाण्याला. परत आलो ते एकवीस मजल्यांत. पूर्वी समोर असलेलं दार आता नऊ मजले वर होतं आणि लिफ्टमध्ये अनोळखी चेहरे. अशा घरात प्रत्येक जण आपल्या आयुष्याचा एकटा साक्षीदार असतो. त्यानं काही सांगितलं तर खरं म्हणायला कुणी नाही आणि खोटं म्हणायलाही कुणी नाही. हा खेळ नेमका याच पोकळीत उभा राहतो. आणि ती थोडी भरूनही काढतो, कारण ओळखायचं असेल तर नीट ऐकावं लागतं. एरवी कोण कुणाचं दोन मिनिटं न तोडता ऐकतं?

मराठीत या कलेसाठी शब्द भरपूर आहेत. थाप मारणं, पुडी सोडणं, बाता मारणं, बंडल मारणं, फेकणं. प्रत्येकाचा रंग वेगळा. पुडी सोडणाऱ्याला ती चारचौघांत पसरायला हवी असते; फेकणाऱ्याला स्वतःची उंची वाढवायची असते. मला सगळ्यांत आवडतो तो शब्द म्हणजे लोणकढी थाप. लोणी नुकतंच कढवून केलेलं तूप ते लोणकढं. ताजं, रवाळ, वासानंच विश्वास बसावा असं. आणि खरेपणाची मोहोर म्हणजे 'आईशप्पथ'. मुंबईच्या पोरांची निम्मी वाक्यं त्या शब्दानं सुरू होतात. आमच्या खेळात तो पहिल्याच दिवशी बाद झाला. खरा किस्सा सांगणाऱ्याला तो आयता आधार मिळे आणि रचणाऱ्याची जीभ तिथे अडखळे. आईची खोटी शपथ घ्यायला पन्नाशीतला माणूसही कचरतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

खेळ म्हणून याची जात जुनी आहे. लोककथेतला तो राजा आठवा: मला 'हे खोटं आहे' असं म्हणायला लावेल त्याला अर्धं राज्य देईन म्हणतो. लोक आभाळाला शिवणाऱ्या भोपळ्यांच्या गोष्टी सांगतात, राजा शांतपणे "असेल" म्हणतो. शेवटी एक गरीब माणूस रिकामा हंडा घेऊन येतो. तुमच्या वडिलांनी माझ्या वडिलांकडून हा हंडाभर मोहरा उसन्या घेतल्या होत्या, म्हणतो. खरं म्हणावं तर मोहरा द्या, खोटं म्हणावं तर राज्य द्या. या गोष्टीतलं शहाणपण आमच्या गच्चीवर फार उपयोगी पडलं. भोपळा आभाळाला लावून कुणी फसत नाही. थाप जितकी बेताची आणि ऐकणाऱ्याच्या व्यवहारात बसणारी, तितकी ती पचते.

पण उलट बाजू मला जास्त विलक्षण वाटते. आपल्या उपनगरात खरंच असं आहे की ऐकताना खोटं वाटतं. अंधेरीच्या इमारतींच्या मधोमध सुमारे दोनशे फुटांचा उभा काळा खडक आहे, वय सहा कोटी वर्षांहून जास्त आणि माथ्यावर गावदेवीचं देऊळ. गिल्बर्ट हिल न पाहिलेल्या माणसाला हे सांगून बघा. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या, शंभर चौरस किलोमीटरहून मोठ्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाला लागून आपल्या सोसायट्या आहेत आणि उद्यानात बिबटे आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरी पूर्वेला एका बालवाडीत बिबट्या शिरला. रविवार होता म्हणून मुलं नव्हती. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१८ मध्ये, एक बिबट्या मुलुंड पूर्वेच्या नाणेपाड्यात आला. पूर्वेला, म्हणजे जंगल राहिलं पश्चिमेला आणि मध्ये रेल्वेचे रूळ! नवीन सुनेनं माहेरी फोनवर हे सांगितलं तर माहेरचे म्हणणार, पोरगी मुंबईला जाऊन बंडल मारायला शिकली.

आणि २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. एकाच शहराच्या दोन टोकांना दोन वेगळे दिवस होते. त्या रात्री रूळांवरून चालत आलेल्या, बसच्या टपावर बसलेल्या, अनोळखी घरात चहा-पोहे खाऊन झोपलेल्या माणसांचे किस्से कुठल्याही कादंबरीकाराला सुचणार नाहीत असे आहेत.

म्हणूनच सुरुवातीला आमचे अंदाज सारखे चुकत. आम्ही विचित्र ते खोटं धरायचो आणि साधं ते खरं. प्रत्यक्षात रचणारा माणूस विचित्राच्या वाटेला जातच नाही. तो समोरच्यांना आपल्याबद्दल काय वाटतं याचा हिशेब करून बेतानं रचतो. किश्शाला सुरुवात असते, मध्य असतो, शेवटी एक टाळीचं वाक्य असतं. घडलेला किस्सा बेढब असतो. त्यात काही कामाचे नसलेले तपशील असतात: कुणाची तरी एकच चप्पल, भलत्याच वेळी आलेला पोस्टमन. सांगणाऱ्याला ते गाळवत नाहीत, कारण ते त्यानं पाहिलेले असतात.

मानसशास्त्राचं म्हणणंही याच्या जवळ जातं. प्रत्यक्ष अनुभवलेल्या गोष्टीच्या आठवणीत वास, आवाज, जागा यांचे ठसे जास्त असतात आणि मनात रचलेल्या गोष्टीत विचाराच्या खुणा जास्त. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००८ साली दाखवलं की हकीगत शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावली तर खोटं बोलणाऱ्याची दमछाक होते आणि ती ऐकणाऱ्याला दिसते. आमच्यातल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलानं हे कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून तो सगळ्यांना "आता उलटं सांगा" म्हणून छळू लागला. तरीही माणूस या कामात कच्चाच आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६ मध्ये दोनशेच्यावर अभ्यासांची बेरीज मांडली. चोवीस हजारांहून जास्त लोकांचे अंदाज त्यात होते आणि ते शंभरात सरासरी चौपन्न वेळा बरोबर निघाले. नाणं उडवलं तर पन्नास.

आता एका रात्रीबद्दल सविस्तर लिहिते, कारण हे पुस्तक त्या रात्रीमुळे झालं.

आमच्या इमारतीत एक काकू आहेत. पूर्वी दुसऱ्या मजल्यावर होत्या, आता अकराव्यावर. बत्तीस वर्षं फोर्टच्या एका कचेरीत नोकरी, जाता-येता लेडीज डबा. कोजागिरी होती. पातेल्यातलं दूध आटून त्यावर केशराची साय आली होती, चंद्र पाण्याच्या टाकीमागून वर यायचा होता. काकू कधी खेळत नसत, फक्त पेले भरत. त्या रात्री कुणीतरी आग्रह केला आणि त्या हात पुसत खुर्चीच्या टोकाला बसल्या.

पहिला किस्सा बिबट्याचा. बोरिवलीला बहिणीकडे गेल्या असताना पहाटे दूध घ्यायला खाली उतरल्या, तर कंपाउंडच्या भिंतीवर बिबट्या बसलेला. त्याच्याकडे न बघता त्या मागे मागे जिना चढल्या आणि वर जाऊन पहिलं वाक्य बोलल्या ते "दूध नाही मिळालं". दुसरा, शाळेची सहल आरे कॉलनीत गेली होती तेव्हाचा. तिथे सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. गर्दी कमी पडली म्हणून पोरींना उभं केलं, टाळ्या वाजवायला लावलं आणि प्रत्येकीला वेफर्सची पुडी दिली. पुढे तो सिनेमा लागलाच नाही. तिसरा कर्जतचा. एका संध्याकाळी खिडकीची सीट मिळाली, डोळा लागला. मुलुंड गेलं, ठाणं गेलं, कल्याण गेलं. जाग आली ती कर्जतला. अंधार पडला होता, फलाटावर गार वारा होता. त्यांनी एक वडा घेतला, बाकावर बसून सावकाश खाल्ला, मग परतीची गाडी धरली.

प्रश्न सुरू झाले. भिंत किती उंच? बिबट्याचं तोंड कुठल्या बाजूला? शूटिंगमध्ये कोण नट होता? काकूंना आठवेना. कर्जतवर एकानंच बोट ठेवलं, तेही नेमकं. "काकू, तुमचा पास मुलुंडपर्यंतचा. परतताना तिकीट काढलंत?" काकू शांतपणे म्हणाल्या, "नाही. टीसी भेटला. त्याला म्हटलं, झोप लागली हो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, जा." यावर सगळ्या गच्चीनं कर्जत खरं ठरवलं. बहुतेकांनी बिबट्याला खोटं म्हटलं, काहींनी सिनेमाला.

खोटं होतं कर्जत.

कुणीतरी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, "बत्तीस वर्षांत गाडीत मला एकदासुद्धा झोप लागली नाही. भायखळ्यापासून डोक्यात हिशेब सुरू. पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं. भाजी उतरल्यावर घ्यायची की सकाळची आहे. सासूबाईंची गोळी. समोरच्या बाया पेंगायच्या, त्यांच्याकडे बघत बसायचे. वाटायचं, एकदा झोप लागावी आणि गाडीनं कुठेतरी नेऊन सोडावं." त्यांचा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. चाळिशीचा माणूस, त्याच पाळणाघरात वाढलेला. तो काहीच बोलला नाही. उठला, आईच्या हातातलं ओगराळं घेतलं आणि त्या रात्री उरलेले पेले त्यानं भरले.

त्या रात्रीनंतर मी खेळ वेगळ्या कानानं ऐकायला लागले. खऱ्या किश्शांतून माणसाचं काय काय झालं ते कळतं. रचलेल्यात जे झालं नाही ते असतं, आणि ते तो दुसऱ्या कुठल्याच रीतीनं आपल्याला सांगणार नसतो. पुस्तकातल्या एक्केचाळीस किश्शांत घाटकोपरच्या एका गृहस्थांचा वडिलांबरोबर पतंग उडवल्याचा किस्सा आहे. अंधेरीच्या एका मुलीनं स्टेजवर गायल्याचा आहे. ते खरे की रचलेले, मी सांगणार नाही. दोनदा वाचा, एवढंच म्हणेन.

खेळाला एक नियम पुढे घालावा लागला, त्याची हकीगतही इथे हवी. एकानं २६ जुलैचा किस्सा सांगितला. कुर्ल्याहून गळ्यापर्यंतच्या पाण्यातून चालत आलो, वाटेत एका म्हाताऱ्याला खांद्यावर घेतलं. फार चांगला सांगितला. नंतर म्हणाला, हा रचलेला. गच्चीवर एक बाई होत्या, त्यांचे दीर त्या रात्री घरी आलेच नाहीत. त्या उठून गेल्या. सांगणारा दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेला, माफी मागून आला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. तेव्हापासून ज्यात कुणी गेलं आहे असा दिवस रचायचा नाही. तो पूर किंवा ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट, यांतलं काही सांगायचंच असेल तर खेळ थांबवून सांगायचं आणि सगळ्यांनी खरं म्हणून ऐकायचं. असे चार किस्से या पुस्तकात आहेत. ते शेवटी वेगळे छापले आहेत. त्यांच्यात ओळखायचं काही नाही.

थापेचं एक दुसरंही भय आहे. ती सांगणाऱ्यालाच पटते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये चोवीस लोकांना त्यांच्या लहानपणचे चार किस्से दिले. तीन घरच्यांकडून मिळवलेले खरे, चौथा बनवलेला: पाचेक वर्षांचे असताना तुम्ही मॉलमध्ये हरवलात, रडलात, एका वयस्क बाईनं तुम्हाला सावरलं. चोवीसपैकी सहा जणांना हे न घडलेलं थोडंफार किंवा पुरतं 'आठवलं'. शेवटी चारातला एक खोटा होता, कुठला ते ओळखा, असं सांगितलं. एकोणीस जणांनी ओळखला. पाच जण चुकले, त्यांनी स्वतःच्या खऱ्या बालपणालाच खोटं ठरवलं. आमचाच खेळ, फक्त डबा ज्याचा त्यालाच ओळखायला दिलेला. मी हे वाचलं तेव्हा माझ्या चार-पाच लाडक्या आठवणी पुन्हा तपासल्या आणि त्यांतल्या एकीबद्दल मला अजून खात्री देता येत नाही.

साहित्यानं ही सीमा कधीच पक्की आखली नाही, आणि आपल्या उपनगराचा सगळ्यांत मोठा किस्सेकार तर त्या सीमेवरच घर करून राहिला. पु. ल. देशपांडे यांचं बालपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत आणि पुढे पार्ल्यात गेलं. 'गणगोत'मध्ये त्यांनी आपले खरे आप्त आणि स्नेही नावानिशी उभे केले. 'व्यक्ती आणि वल्ली'तली माणसं कल्पनेतून घडवली. त्या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत आणि ज्याला दोन्हींची माहिती नाही अशा वाचकाला विचारावं, यातला खरा कोण? 'वल्लीं'तला अंतू बर्वा की 'गणगोत'मधले रावसाहेब? उत्तर देताना तो अडखळेल. रचलेला माणूस इतका आपल्या आळीतला वाटतो आणि बेळगावचा खरा माणूस इतका अफाट, की अंदाज नेमका उलटा जावा.

यादी शेवटी का नाही, त्याचं उत्तर मला काकूंकडे मिळालं. छपाईला देण्याआधी प्रत्येकाला त्याचा किस्सा दाखवायचा, असं ठरलं होतं. अकराव्या मजल्यावर गेले तेव्हा त्या नातीची वेणी घालत होत्या. मी कर्जतचा किस्सा वाचून दाखवला. नात मध्येच म्हणाली, "आजी, टीसीनं पाणी पण दिलं होतं ना?" मी काकूंकडे पाहिलं. टीसीनं पाणी दिल्याचं गच्चीवर कुणी ऐकलं नव्हतं. काकूंनी वेणीला रिबीन बांधली, गाठ ओढून पाहिली. मी विचारलं, याच्याखाली खरा लिहू की रचलेला?

"काही लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "पण वड्याबरोबर तळलेली मिरची होती, तेवढी घाल."

ती घातली आहे.